चौकशीबाईंचं ओसाड शहर

चौकशीबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही असं कुणी म्हटलं, तर तो तिळावर अन्याय होईल. भिजायला आधी तोंड मिटलेलं लागतं.

बाई बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसतात. समोर काच, काचेला खाली अर्धगोल भोक आणि भोकापलीकडे दिवसभर बदलत जाणारे चेहरे. कुणीतरी वाकून विचारतं, बाई सांगतात. गाडी कुठे लागेल, कुठे थांबेल, मध्ये पाय मोकळे करायला मिळतील का. उत्तर लगेच, पूर्ण आणि खरं. नोकरीत हा गुणच. पण बाई हा गुण खिडकीत टांगून येत नाहीत, बरोबर घरी घेऊन येतात. दारात आलेल्या माणसाने "साहेब आहेत का?" म्हणून विचारलं की त्या सांगतात, "आहेत, पण नाहीत म्हणून सांगायला सांगितलंय." एकदा जाऊबाईंच्या वाढदिवसाचा सगळ्यांनी मिळून गुपचूप बेत केला. दिवे मालवले, माणसं सोफ्यामागे दडली आणि बेल वाजल्यावर दार उघडायला नेमकं यांनाच पाठवलं. जाऊबाईंनी सहज विचारलं, "अंधार का हो?" बाई म्हणाल्या, "तुला दचकवायचंय म्हणून. ये आत. सगळे सोफ्यामागे आहेत, भाऊजींच्या पायाला मुंग्या आल्यात."

विनोद सांगायला बसल्या तर आधी हसायची जागा सांगून टाकतात आणि मग उरलेला विनोद समजावून देतात. "तुझ्या गोष्टीला शेपूट आधी, तोंड मागाहून," असं नवरा म्हणतो. लग्न झाल्यापासून तो हे ऐकत आलाय, तेव्हा त्याच्या मताला वजन आहे.

तर अशा बाईंनी ठरवलं, की आपण माणसांना घाबरवायचं.

त्याचं असं झालं. दर रविवारी दुपारी बाईंच्या घरी एक खेळ रंगतो. टेबलाभोवती बसून खेळायचा. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि एकाने सूत्रधार. समोर काय दिसतंय ते सूत्रधार सांगणार, आपण काय करतो ते बाकीचे सांगणार आणि डाव साधला की फसला हे फासे ठरवणार. हा खेळ इमारतीत आणला तो तळमजल्यावरच्या औषधवाल्या काकांनी. खोकल्याचं औषध देतानासुद्धा ते आवाज असा खाली आणायचे, की गिऱ्हाईक खोकणं विसरायचं. साहजिकच सूत्रधाराची खुर्ची त्यांची. खेळणारे म्हणजे बाईंचे धाकटे दीर, जे विमा विकतात आणि ज्यांच्या जिभेला हाड सोडाच, विसावाही नाही. त्यांची बायको, म्हणजे जाऊबाई, शाळेत गणित शिकवते आणि घरीही नवऱ्याचा हिशेब चुकता ठेवते. वरच्या मजल्यावरची शिवणवाली, जी खेळतानाही समोरच्याच्या बाहीची लांबी बघते. आणि चौथ्या बाई स्वतः.

बाईंचं पात्र सगळ्यांत आधी मरायचं. कधीही, कुठल्याही कथेत. राक्षस हवेलीत शिरून नुसता गुरगुरला, "कोण आहे?" की बाई म्हणायच्या, "मी. कपाटात. डावीकडच्या." मग उरलेली दुपार त्या चहा करायच्या.

काकांनी मुलाकडे राहायला जायचं ठरवलं, तेव्हा खुर्चीचा प्रश्न निघाला. "आता माझ्यानंतर कोण?" त्यांनी विचारलं, आणि सगळ्यांच्या माना एकदमच भाऊजींकडे वळल्या. भाऊजींनी सदऱ्याची कॉलर सारखी केली.

"मी," बाई म्हणाल्या.

जाऊबाईंना आधी वाटलं, चहाला कोण उठतंय असं कुणीतरी विचारलं.

"तुम्ही, वहिनी?" भाऊजी म्हणाले. "अहो, तुम्ही भूत यायच्या आधी त्याची वेळ सांगाल. आणि ते कुठे लागेल तेही."

"सांगेन. पण खुर्ची मला हवीय."

"कशाला?"

या प्रश्नाचंही उत्तर बाईंकडे होतंच. "आजवर माझी एकही गोष्ट कुणी शेवटपर्यंत ऐकलेली नाही. दिवसभर मी सांगते आणि लोक अर्ध्यावर वळून गाडीकडे पळतात. घरी सांगते तर यांना झोप लागते. एकदा तरी माणसं जागची हलू नयेत, असं काहीतरी मला सांगायचंय."

यावर हसायचं की नाही, हे कुणालाच कळेना. काकांनी चष्मा पुसला आणि तोड काढली. विषय दोघांना एकच, ओसाड पडलेलं शहर. कथा भीतीची. एक रविवार भाऊजींचा, त्यापुढचा बाईंचा. मग मत घ्यायचं. ज्याला जास्त मतं त्याची खुर्ची, आणि दुसऱ्याने पुन्हा तो विषय काढायचा नाही.

भाऊजींचा रविवार दणक्यात झाला. त्यांच्या ओसाड शहरात भुतांचीच एवढी गर्दी होती, की शहर ओसाड कसं म्हणायचं असा प्रश्न पडावा. विहिरीतून हात, पिंपातून पाय, शिडीवरून नुसतीच मान. भाऊजींनी घोगरा आवाज काढला, टेबल हलवलं, पडद्यामागे जाऊन किंचाळले. शिवणवाली हसून हसून खुर्चीवरून घसरली. जाऊबाईंनी नवऱ्याकडे बऱ्याच दिवसांनी कौतुकाने पाहिलं. निघताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. चहा तुमच्यासारखा कुणाला जमत नाही."

बाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांनी कागद घेतला.

आठवडाभर डोळ्यात तेल घालून त्यांचं काम चाललं. शहर आखलं, गल्ल्या आखल्या, पडकं रुग्णालय, बंद शाळा, रक्ताचे डाग, वटवाघळं. सगळं भाऊजींच्या वरताण करायचं म्हणून एक आंधळी म्हातारीही घातली. मग तालमीला नवरा धरला. तो घरगुती यंत्रं दुरुस्त करतो. मांडीवर कुणाचातरी मिक्सर उघडा पडला होता.

"हं, तुम्ही पडक्या रुग्णालयात आहात. समोर एक दार आहे," बाईंनी सुरुवात केली.

"दारामागे काय आहे?" नवऱ्याने स्क्रू पिळत विचारलं.

"दारामागे एक मेलेली बाई आहे. ती आत्ता मेलेली आहे, पण तुम्ही खाटेजवळ गेलात की उठेल. घाबरू नका, तिला उजेड सोसत नाही. दिव्याचं बटण दाराशेजारी आहे."

नवऱ्याने मान वर केली. "मग मी बटण दाबतो."

"मेली."

"मघाशीच मेली होती ना?"

"आता कायमची."

"झालं? संपलं?"

"हो. नाही. पुढे म्हातारी आहे, पण ती आंधळी नाहीये, नुसतं तसं दाखवते. हे तुम्हाला नंतर कळणार आहे."

नवऱ्याने मिक्सरचं झाकण लावलं. चांगला माणूस आहे, हसला नाही. एवढंच म्हणाला, "अगं, विचारलं की लगेच सांगायचं नसतं. थोडं पोटात ठेव."

पोटात ठेवायचं. बोलणं सोपं आहे. पण बाई जिद्दीच्या. पोहायला शिकायचं तर पाण्यातच उतरायला हवं, असा विचार करून त्यांनी न सांगण्याचा सराव थेट खिडकीतच सुरू केला. म्हणजे सगळ्या जगात जिथे हा सराव करू नये, नेमका तिथे.

सकाळी एक गृहस्थ बॅग सांभाळत वाकले. "गाडी कुठे लागते?"

बाईंनी आवाज खाली नेला. काका नेतात तसा. "ते तुम्हाला... लवकरच कळेल."

"काय?"

"वेळ आली, की."

गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बाईंनी जरा भीतभीतच विचारलं, "ही गाडी थेट जाते ना हो?"

"निघणारे सगळेच पोचत नाहीत," चौकशीबाई म्हणाल्या.

ती बिचारी बाई प्रवास रद्द करून घरी गेली. पण जाता जाता स्थानकाच्या साहेबांच्या केबिनमध्ये डोकावून गेली.

साहेबांनी बोलावून घेतलं. "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. मी लोकांना अर्धवट सांगून घाबरवायचा सराव करत होते."

साहेबांनी हे ऐकून घेतलं. जरा वेळ टेबलावरची टाचणी इकडची तिकडे केली. "कामाच्या वेळेत?"

"हो."

"पुन्हा कराल?"

"केला असता. पण मला जमत नाहीये."

इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर माणसाला रागावता येत नाही. साहेबांनी नुसतं दाराकडे बोट दाखवलं.

बाई खिडकीत परत बसल्या त्या तोंडात मिठाची गुळणी धरून. एका रविवारपुरतं तोंड आवरत नाही म्हणजे काय. भाऊजी जन्मभर चहाचं बोलणार. एवढ्यात एक तरुण धावत आला. हातावर इस्त्री केलेला कोट, कपाळावर घाम.

पाटीवरच्या एका गावाकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "तिकडची गाडी?"

"गेली," बाई म्हणाल्या.

"दुसरी?"

"आज नाही."

"दुसरीकडून कुठून? बदलून?"

"नाही. बदलायची गाडीही गेली."

"मग मी आता काय करू?"

"आज तिथे पोचणं होणार नाही."

तो काचेपाशी तसाच उभा राहिला. विचारायला काही उरलं नव्हतं आणि वळून जायला पाय उचलत नव्हता. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बाईंनी त्याला आपली पाण्याची बाटली भोकातून दिली. असा चेहरा त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला होता, पण आजवर तो त्यांना फक्त रांगेतला अडथळा वाटायचा. पुढे सरका, मागे लोक आहेत. आज त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. आपण याच्यापासून काय लपवलं? काहीच नाही. आवाज चढवला? नाही. जे विचारलं ते सांगितलं, पुरतं आणि खरं. आणि एवढ्या उन्हात हा माणूस गारठल्यासारखा उभा आहे.

बाईंनी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

घरी आल्या आल्या त्यांनी रुग्णालय खोडलं. वटवाघळं उडवून लावली. आंधळ्या म्हातारीला रजा दिली.

"अगं, रक्त तरी राहू दे," नवरा म्हणाला. "भाऊच्या शहरात केवढं होतं."

"म्हणूनच नको."

"आणि या पडक्या भिंती?"

"पडक्या कशाला? मोडकं दिसलं की माणसाला वाटतं, इथलं व्हायचं ते होऊन गेलं. माझं शहर धड आहे. रस्ते झाडलेले, दुकानं उघडी, फळ्यावर आजची तारीख. फक्त माणूस नाही."

"मग भूत कुठाय?"

बाईंनी कागदावर एक चौकोन काढला, त्याखाली अर्धगोल भोक. नवऱ्याने कागद जवळ ओढला. दुसऱ्या तालमीला तो तयार होता, पण बाईंनीच नको म्हटलं. चुकलं तर आता टेबलावरच चुकू दे.

मग त्या एकेक माणूस डोळ्यांपुढे आणून बसल्या. कुठल्या चेहऱ्याचा माणूस पहिल्यांदा काय विचारतो आणि उत्तर मिळाल्यावर त्याचा दुसरा प्रश्न काय असतो, हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलंय? भाऊजी आधी थट्टा करणार. जाऊबाई गणित मांडणार. शिवणवाली कपड्यांत शिरणार. काका सगळ्यांचं झाल्याशिवाय तोंड उघडणार नाहीत. बाईंनी प्रत्येकाचे प्रश्न लिहिले आणि उत्तरं घासून घासून लहान केली. सगळ्यांत जास्त वेळ त्याला लागला.

रविवार उजाडला. दुपारी मंडळी जमली. काकाही आज खेळणाऱ्यांत बसले. भाऊजींनी आल्या आल्या विचारलं, "वहिनी, आधीच सांगून टाका, कोण मरणार? म्हणजे चहाला उशीर नको."

"बसा," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. पडदे त्यांनी ओढले नव्हते. टेबलावर ऊन पडलं होतं.

"तुम्ही चौघं एका शहरात उतरला आहात. तुम्हाला सोडून गाडी निघून गेलीय. रस्ते स्वच्छ आहेत, दुकानं उघडी आहेत, माणूस कुठेही नाही. समोर बसस्थानक आहे. तिथे चौकशीच्या खिडकीत दिवा लागलाय."

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "ऑफिसच उचलून आणलंत की."

"खिडकीत कोण आहे?" शिवणवालीने विचारलं.

"काचेवर ऊन आहे. माणूस बसलाय एवढं कळतं. तुमच्याकडे तोंड करून."

"मी जाते जवळ. कपडे कसले आहेत?"

"गणवेश. तुम्ही शिवलेला."

शिवणवाली हसायला म्हणून तोंड उघडून बसली, पण हसू वेळेवर आलं नाही. "मी? मी तर आत्ताच आले ना इथे?"

"हो. आत्ताच आलात."

जाऊबाई पुढे सरसावल्या. "थांबा, मी विचारते. इथून बाहेर जायला गाडी आहे?"

बाईंनी आवाज बदलला नाही. रोज खिडकीत असतो तोच. "आहे."

"कधी?"

"बसणारे बसले, की."

"मग आम्ही सगळे बसतो. लगेच निघेल?"

"सगळे बसणार नाहीत."

"किती बसतील?"

"तीन."

जाऊबाईंनी टेबलाभोवती नजर फिरवली. गणिताच्या बाईंना चारातून तीन वजा करायला एवढा वेळ लागू नये. त्यांचा पुढचा प्रश्न काय, हे सगळ्यांनाच कळत होतं. त्यांनी ओठ उघडले आणि मिटून घेतले.

"विचार ना," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही विचारा."

"मी कशाला? तुझा नंबर चाललाय."

"मी नाही विचारणार. वहिनी सांगतील."

खरंच होतं. वहिनी सांगणार. यातच सगळं आलं. ज्या बाईंनी आयुष्यात एक प्रश्न परतवला नाही, त्या समोर हाताची घडी घालून बसल्या होत्या आणि उत्तर त्यांच्या ओठांवर तयार होतं, हे प्रत्येकाला दिसत होतं. कुणीतरी विचारायचाच काय तो अवकाश. स्वयंपाकघराच्या दारात नवरा चहाचा ट्रे घेऊन आला होता, तो तिथेच थांबला. फासे टेबलाच्या मधोमध पडून होते, त्यांना कुणी हात लावला नव्हता.

भाऊजींना शांतता सोसत नाही. त्यांनी घसा खाकरला. "बरं, एवढं सगळं येतंय तर सांगा, माझ्या खिशात काय आहे?"

"मघाशी होतं तेच," बाई म्हणाल्या. "पण आता ते तुमचं नाही."

भाऊजींचा हात आपोआप खिशात गेला. खेळातल्या नव्हे, अंगातल्या सदऱ्याच्या. जाऊबाईंनी ते पाहिलं आणि एरवी त्यावरून त्यांनी नवऱ्याला महिनाभर चिडवलं असतं, पण आज त्या आपली खुर्ची शिवणवालीच्या जवळ सरकवून बसल्या. विमा विकताना लोकांना मरणाची भीती दाखवणाऱ्या माणसाची स्वतःची पाचावर धारण बसली होती.

"आपण खिडकीपासून लांब जाऊ," शिवणवाली म्हणाली. "शहर केवढं मोठंय. दुसरा रस्ता शोधू. काही विचारायचंच नाही."

"कुणीच काही विचारायचं नाही," जाऊबाईंनी बजावलं. "अहो, तुम्हाला सांगतेय. तोंड बंद."

"मी कुठे बोललो?" भाऊजी कुजबुजले.

मग ते चौघं त्या झाडलेल्या रस्त्यांवरून एकेक पाऊल जपून टाकत गेले. प्रश्न येईल म्हणून एकमेकांशीही कमी बोलत. कोपरा आला की बाई सांगायच्या, "वळणावर एक चौकशीची खिडकी आहे. दिवा लागलाय." त्याहून जास्त काही नाही. चालता चालता एक पूल लागला, तर त्याच्याही पलीकडच्या टोकाला खिडकीत दिवा. ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं. चहा ट्रेमध्येच गार झाला. कुणी हललं नाही. हे बाईंना दिसलं, पण त्याचा आनंद मानायला त्यांना फुरसत नव्हती. पुढची उत्तरं तयार ठेवायची होती.

शेवटी बाईंनीच कागद गोळा केले. "आज इथे थांबू."

"थांबू म्हणजे?" भाऊजी उसळले. "आम्ही त्या पुलावर उभे आहोत."

"मत घ्यायचं ठरलं होतं ना," बाईंनी आठवण करून दिली.

"मत गेलं खड्ड्यात. माणसाला असं पुलावर सोडतात का? पुढच्या रविवारी इथूनच सुरू करायचं, वहिनी. बाहेर पडल्याशिवाय मी काही सोडणार नाही."

"मीपण," शिवणवाली म्हणाली. जाऊबाईंनी मान डोलवली आणि दोन्ही बाजूंना बघून मगच जिना उतरायला लागल्या. खुर्ची कुणाची, हा विषय निघालाच नाही. बाई तिच्यात बसलेल्या होत्या आणि त्यांना ऊठ म्हणायची कुणाची हिंमत नव्हती.

काका मागे रेंगाळले. पुढच्या रविवारी ते असणार नव्हते. मुलाची गाडी त्यांना न्यायला येणार होती. सगळे गेल्याची खात्री करून ते बाईंजवळ आले आणि आपल्या त्या खालच्या आवाजात म्हणाले, "मला सांगून टाक. खिडकीत बसलेला कोण आहे?"

बाईंनी लगेच सांगितलं. "याआधी जे आले होते, त्यांच्यातला एक."

"तो का नाही गेला?"

"आमच्याकडे नियम आहे, काका. बदली माणूस आल्याशिवाय खिडकी सोडता येत नाही. बदलीचा बसला, की आधीचा उठतो आणि गाडीने जातो."

काकांनी मान हलवली. मग त्यांची नजर खुर्चीकडे गेली. इतकी वर्षं ते तिच्यात बसले होते. आता बाई तिच्यात नीट मागे टेकून बसल्या होत्या आणि मांडीवर पुढच्या रविवारचे कागद लावत होत्या. काका चार पावलं मागे सरले. मग दारात चपला घालताना नवऱ्याला हळूच म्हणाले, "जरा तळमजल्यापर्यंत येता का सोबत?"

बाहेर लख्ख ऊन होतं.